दोन बोटं खाली

बाबा,

आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि मला एक रिपोर्ट लिहायचा आहे. उद्या सकाळी अकराच्या आत तो आमच्या प्लांट हेडच्या टेबलावर हवा. जेमतेम एक पानाचं काम. लॅपटॉप सकाळपासून उघडा आहे आणि मी त्याच्यासमोरून चारदा उठून गॅस पुसून आले. गॅस आता इतका लख्ख झालाय की आईलासुद्धा नावं ठेवायला जागा मिळाली नसती. शेवटी वही ओढली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुमची नात मघाशी डोकावून गेली. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. ती आता कॉलेजात जाते, मराठी सगळं समजतं, पण बोलायला लागली की हिंदीत घसरते. "आई, किसको लिख रही हो?" म्हणाली. मी म्हटलं, आजोबांना. "यार, सच में?" असं म्हणून जरा थांबली आणि मग दार हळूच ओढून घेऊन गेली.

तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हा आधी थोडं सांगायला हवं. मी अजून फरीदाबादमध्येच आहे. तुमच्या कारखान्याच्या जागी आता गोदामं उभी आहेत, पण मी तिथून दोन-तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सची हेड आहे. हो, हेड. हे पद मिळायला मला इतरांपेक्षा किती जास्त वर्षं लागली ते सांगत बसत नाही. आमच्याकडे माल चढवायच्या फलाटाशी एक लिफ्ट आहे. माणसांची नव्हे, सामानाची: खाली कैचीसारखे पाय, मध्ये तेलाच्या दाबावर चालणारा तिरका सिलिंडर, वर लोखंडी पाटा. क्रेट रचलेली ट्रॉली पाट्यावर ढकलायची, बटण दाबायचं, पाटा फलाटाच्या उंचीला येऊन थांबतो. थांबायला हवा. गेल्या महिन्यात तो थांबेनासा झाला. वर यायचा नीट, पण मग कुणी हात लावला नाही तरी हळूहळू खाली बसायचा. पंधरा मिनिटांत दोन बोटं. डोळ्यांना दिसायचं नाही, चाकाला मात्र बरोबर कळायचं. पॅकिंगमधली एक बाई ट्रॉली फलाटावर ओढत असताना पुढचं चाक त्या दोन बोटांच्या पायरीला अडलं आणि वरचा क्रेट कलंडला. तिने पाय मागे घेतला. चप्पल तिथेच राहिली, आणि क्रेटचा कोपरा त्या चपलेवर पडला. ती आधी हसली, "बच गई" म्हणाली, आणि मग तिथेच खाली बसून रडायला लागली. मी ती चप्पल उचलून तिच्यापाशी नेऊन ठेवली.

आमचे मिस्त्रीजी माझ्याआधीपासून तिथे आहेत. मूळचे बिहारकडचे, साठी कधीच उलटली, आता दर वर्षी एकेका वर्षाची मुदतवाढ मिळते तेवढ्यावर कामावर येतात. बल्लभगढला मुलाकडे राहतात. "घर में बैठेंगे तो दीवार देखेंगे," असं ते म्हणतात, आणि सुनेसमोर दिवसभर बसायची त्यांना खरोखर भीती वाटते. त्या दिवशी मी लिफ्टपाशी गेले, पाटा बसताना पाहिला आणि उभ्याउभ्या निकाल दिला: सिलिंडरमधलं तेल अडवणारं सील गेलंय, बदला. मिस्त्रीजी मान खाजवत म्हणाले, "मैडम, पहले ऊपर वाला पाइप खोलकर देख लें?" मी म्हटलं, वेळ नाही, माल अडकलाय, सील बदलून टाका. त्यांनी बदललं. दुसऱ्या दिवशी पाटा पुन्हा दोन बोटं खाली. आता मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मी काय केलं ते सांगते. प्लांट हेडने फोनवर विचारलं, सील नवीन आहे तरी कशी काय उतरते? आणि मी त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं की सील बसवताना त्याला चीर गेली असावी. प्लांट हेड म्हणाले, "मिस्त्रीजी के हाथ काँपने लगे हैं क्या?" मी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. मग बाहेरच्या कंपनीची माणसं आली, त्यांनी परत सील बदललं, मिस्त्रीजी लांब उभे राहून बघत होते. आणि लिफ्ट पुन्हा बसली.

तुम्हाला आठवत असेल, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी तुमच्याच कारखान्यात ट्रेनिंगला आले होते. तुम्ही साहेबांना विचारून आणलं होतंत आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतंत की गेटच्या आत मी तुमची कुणी नाही. तिथल्या लिफ्टचीही हीच तक्रार होती. सगळे गोल करून उभे होते आणि मी पुस्तकातलं ताजं ताजं डोक्यात घेऊन म्हणाले, सील गेलं असणार. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि सगळ्यांसमोर, चक्क मराठीत, म्हणालात, "बघितलंस, की वाटलं?" आणि लगेच, "वाटतं ते घरी ठेवून यायचं." मराठी कुणाला कळलं नाही, पण ओरडा बसला हे सगळ्यांना कळलं. मला इतका राग आला होता की त्या संध्याकाळी मी तुमच्या पानात वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईची लोणच्याची रिकामी बरणी पिशवीत घालून कारखान्यात नेलीत. पाटा वजनासकट वर घेतलात, खाली टेकू उभा केलात, पण त्याला टेकवला नाहीत, चार बोटं जागा ठेवलीत. पाटा बसला तर दिसावा आणि कोसळला तर अडावा म्हणून. सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर खडूने रेघ मारलीत. सिलिंडरच्या वरच्या अंगाचा पाइप सोडवून त्याचं तोंड बरणीत घातलंत आणि स्टुलावर बसून राहिलात. सील गळत असेल तर तेल वर येऊन बरणीत पडेल, असं मला न बघताच सांगितलंत. एक तास. पाटा खाली बसत होता आणि बरणी कोरडीच होती. मग पंपाकडचा व्हॉल्व्ह उघडला आणि त्याच्या बैठकीत पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा नखाएवढा तुकडा निघाला. आदल्या आठवड्यात तुम्हीच जोड बदलताना गुंडाळलेली टेप. साहेब तिथे नव्हतेही. तुम्ही हात पुसलेत, त्यांच्या केबिनमध्ये गेलात, मला दारात उभं ठेवलंत आणि म्हणालात, "साहब, मेरे हाथ से हुआ है."

त्याचा मेमो मिळाला. त्या वर्षी वरच्या जागेसाठी तुमचं नाव जायचं होतं, ते गेलं नाही. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. बरणीला तेलाचा वास लागला, हे तिने वेगळं ऐकवलं. आणि मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. तुम्ही फडक्याने भेंडी पुसत बसला होतात, एकेक, देठापासून टोकापर्यंत. मी म्हटलं, कुणाला कळलं असतं, बाबा? टेप कुणीही गुंडाळली असेल. तुम्ही शहाणे आहात की भोळे? वीस वर्षांची पोर मी, तुम्हाला असं म्हणाले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, पुढची भेंडी घेतलीत. मला ते गप्प बसणं तेव्हा हट्ट वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर पुढेही कितीतरी वर्षं तसंच वाटत आलं.

परवा, म्हणजे शुक्रवारी सकाळी, मी एकदाची वाकले. बाहेरच्या कंपनीला परत बोलवायच्या आधी मिस्त्रीजींना म्हटलं, चला, पाइप खोलूया. ते लगेच टेकू आणायला गेले. फलाट रिकामा केला, दोन्हीकडे दोऱ्या बांधून माणसांना अडवलं, पाट्यावर क्रेट रचून तो वर घेतला. टेकू चार बोटं खाली. दांड्यावर खडू. पाइपचं तोंड पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत. आणि आम्ही दोघं खड्ड्याच्या काठावर बसलो. खड्डा म्हणजे लिफ्टचे पाय मिटून बसतात ती जागा. पाटा वर असताना त्यात वाकून बघायचं म्हणजे डोक्यावर टनभर वजन लटकलेलं असतं, आणि ते वजन खाली येतंय हे माहीत असतं. माझं लक्ष बाटलीवर होतं. दहा मिनिटं. खडूची रेघ सिलिंडरच्या तोंडाकडे सरकत होती. बाटली कोरडी. वीस मिनिटं. रेघ आत गेली, बाटलीत थेंब नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून सील ठीकच होतं. दोन्ही वेळा आम्ही चांगली सीलं काढून फेकली होती, मिस्त्रीजींच्या हातांना काही झालेलं नव्हतं, आणि मी लिहून दिलं होतं ते खोटं होतं. मिस्त्रीजी फक्त म्हणाले, "तो तेल नीचे से वापस जा रहा है."

खालून म्हणजे पंपाकडून. पंपाची पेटी खड्ड्याच्या एका कोपऱ्यात आहे, तिच्यावर पत्र्याचं झाकण. पेटीतल्या व्हॉल्व्हवर एक लाल नॉब असतो: वीज गेली आणि पाटा वर अडकला तर तो ओढून धरायचा, तेल टाकीत परत जातं आणि पाटा सावकाश उतरतो. सोडला की स्प्रिंगने आपोआप बसतो. मिस्त्रीजींनी झाकण काढलं, मी मोबाइलचा टॉर्च मारला. झाकणाच्या आत सुकलेली झेंडूची फुलं होती, आणि नॉबच्या मानेला, नॉब आणि व्हॉल्व्ह यांच्या बरोबर मध्ये, लाल-पिवळा दोरा. सात वेढे, वर गाठ. तेल पिऊन फुगलेला. त्या दोऱ्याने नॉब अगदी केसभर वर धरून ठेवला होता.

तो दोरा माझा होता, बाबा. आपण घरी ज्याला नाडाछडी म्हणायचो आणि इथे सगळे कलावा म्हणतात, तो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा असते, तुमच्या वेळी होती तशीच. सगळी यंत्रं पुसायची, हार, टिळा, दोरा, मग बुंदी. यंदा मी हेड म्हणून पहिलीच पूजा, तेव्हा सगळे म्हणाले, मैडम के हाथ से. मी रेशमी साडी नेसून खड्ड्यापाशी, पुसायला उघडलेल्या पंपाच्या पेटीसमोर, उकिडवी बसले आणि दोरा कुठे बांधावा म्हणून पाहिलं तर तो नॉब इतका हाताशी, इतका गोजिरवाणा दिसला की मी त्याच्याच मानेभोवती वेढे घेतले. घट्ट, मनापासून. बाजूला उभे असलेले मिस्त्रीजी नारळ सोलत होते. त्यानंतर महिनाभर जो कुणी ते झाकण उघडेल त्याला दोरा दिसणारच होता, पण पूजेचा दोरा आमच्याकडे कुणी काढत नाही. तो आपोआप तुटून पडेपर्यंत तसाच राहतो, त्याच्या आजूबाजूने फडकं फिरवायचं. बाहेरच्या कंपनीच्या माणसांनीही झाकण उघडलं होतं. त्यांनी नॉबला नुसता हात जोडला असणार आणि झाकण लावलं असणार.

मिस्त्रीजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे. कात्री होती, पण त्यांनी नखाने गाठ सोडवली, वेढे उलगडले, दोरा कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. नॉब टक् करून बसला. पाटा पुन्हा वर घेऊन आम्ही नवी रेघ मारली आणि दोन तास तिच्याकडे बघत राहिलो. रेघ हलली नाही. त्या दोन तासांत मी त्यांना सांगू शकले असते की दोरा मीच बांधला होता. त्यांना माहीतच होतं, तरी सांगायला हवं होतं. आम्ही चहा घेतला आणि थंडीविषयी बोललो.

दुपारी प्लांट हेडच्या केबिनमध्ये आम्ही दोघं. मी सगळं सांगितलं: नॉब, दोरा, बाटली, रेघ. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "इमरजेंसी के नॉब पर धागा? ये तो सीधा सेफ्टी का मामला है. हेड ऑफिस पूछेगा. किसने बाँधा था?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. शब्द जुळवत होते, की पूजेच्या वेळी, म्हणजे त्या दिवशी सगळेच, असं काहीतरी. तेवढ्यात शेजारून मिस्त्रीजी म्हणाले, "हमने बाँधा होगा, साहब. पूजा के दिन हम ही घूम रहे थे सब मशीन पर." प्लांट हेडने मान हलवली, जणू त्यांना तेच उत्तर हवं होतं. "देखिए मिस्त्रीजी, अब उमर हो गई है. आपका एक्सटेंशन भी आ रहा है, मुझे सोचना पड़ेगा." मग माझ्याकडे वळून, "मैडम, सोमवार ग्यारह बजे तक रिपोर्ट दे दीजिए. कारण साफ़ लिखिए, नाम के साथ." मला फार वाईट वाटलं. मी "जी सर" म्हटलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मिस्त्रीजी, ये आपने क्यों कहा? ते मफलर गुंडाळत होते. "आपको अभी दस-बारह साल नौकरी करनी है, मैडम. हमारा क्या है." मी म्हटलं, पण तुमची मुदतवाढ? "देखा जाएगा," म्हणाले, आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मला त्यांचा राग आला. कुणी मागितलं होतं हे त्यांच्याकडे? मग स्वतःचा राग आला, आणि तो काल दिवसभर टिकला. पण रागाने रिपोर्ट लिहून होत नाही. मी हिशेबी माणसासारखा विचार केला, की माझं नाव लिहिलं तर चौकशी होईल, मेंटेनन्सच्या हेडनेच इमर्जन्सीचा नॉब बांधून ठेवला म्हणून अख्खा प्लांट हसेल, आणि ज्यांनी "बाई काय मेंटेनन्स बघणार" म्हणून नाक मुरडलं होतं त्यांना आयतंच मिळेल. मिस्त्रीजींचं नाव लिहिलं तर एक म्हातारा माणूस, ज्याने पहिल्याच दिवशी पाइप खोलूया म्हटलं होतं, सुनेसमोर बसून भिंत बघेल.

आत्ता मध्ये उठून रिपोर्टचा एक मसुदा केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "पूजेच्या वेळी एका कर्मचाऱ्याने नॉबवर दोरा बांधला." छान जमलं होतं. मीही कर्मचारीच आहे, म्हणजे खोटंही नव्हतं, आणि नाव विचारलं तर मिस्त्रीजी आधीच देऊन बसले होते. ते वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. मग तुमच्याकडून ऐकलेलं ते "मेरे हाथ से हुआ है" मोठ्याने म्हणून पाहिलं. तोंडातून बाहेर यायला ते किती जड आहे याची मला आजवर कल्पना नव्हती. तुम्ही सहज म्हणालात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सहज नसेलही निघालं ते. दारातून मला तुमची फक्त पाठ दिसत होती.

वाक्य खोडलं. लिहिलं की दोरा मी बांधला, माझ्या हाताने, सात वेढे. मिस्त्रीजींनी पहिल्याच दिवशी योग्य तपासणी सुचवली होती आणि मी ती करू दिली नाही. सील बसवताना चीर गेल्याचं मी आधी लिहिलं होतं ते न बघता लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. शुक्रवारी मिस्त्रीजींनी जे सांगितलं ते मला वाचवायला सांगितलं. आता पाच वाजून गेलेत. रिपोर्ट मेलने पाठवला, उद्यापर्यंत थांबले असते तर पुन्हा गॅस पुसत बसले असते. उद्या सकाळी मिस्त्रीजींना भेटून हे सगळं तोंडाने सांगायचं आहे, आणि ते मी सांगेन.

एक मात्र त्यांना सांगता येणार नाही आणि रिपोर्टमध्येही बसणार नाही, म्हणून इथे लिहून ही वही कपाटात ठेवून देते. "हमने बाँधा होगा" हे ऐकून मला वाईट वाटलं, असं मी वर लिहिलंय. ते खरं आहे, पण ते नंतर. आधी, बाबा, मला हायसं वाटलं.